पंधरा वॅटचा सल्ला

रविवारी सकाळी वेताच्या खुर्चीवर धुतलेला अभ्रा घालायचा, असा नागपुरात गोरेपेठेतल्या खानझोड्यांच्या घरी नेम होता. ती खुर्ची चंपतबुवांची. मुलींच्या शाळेतून गायनशिक्षक म्हणून निवृत्त झालेले बुवा बर्डीवर एका खोलीत एकटे राहत आणि रविवारी चहाच्या वेळेला काठी टेकत चालत येत. मधुसूदन खानझोडे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवी. पण त्याचं मन गुंतलेलं असे ते बैठकीतल्या शिसवी फळीवर ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. तो त्यानं स्वतः जोडला होता. पन्नास वॅटचा. त्याचा ट्रान्सफॉर्मर इतवारीच्या बाजारात समोर बसून गुंडाळून घेतलेला, आणि वजन असं की फळीला खालून टेकू द्यावा लागला होता.

बुवा डोळे मिटून ऐकत. एखादी जागा मनासारखी आली की तर्जनी किंचित वर उचलत आणि म्हणत, "अस्सं!" बस, तेवढंच. त्या एका शब्दासाठी मधुसूदन आठवडाभर रेकॉर्डी धुंडाळीत हिंडे.

एकच उणीव होती, आणि ती त्याला फार सलत असे. अ‍ॅम्प्लिफायर पन्नास वॅटचा, पण त्याला जोडलेले स्पीकर म्हणजे दोन लहानशा पेट्या. बटण पाव भागाच्या पुढे नेण्याची सोय नव्हती. धिप्पाड गवळाऊ बैलांची जोडी तान्ह्या पोळ्यातल्या पोरांच्या लाकडी गाड्याला जुंपावी, तशातला प्रकार. छातीएवढे उंच दोन स्पीकर स्वतःच्या हातानं बांधायचे, हे त्याचं जुनं स्वप्न होतं. त्यांचे नकाशे काढून झाले होते. मुंबईहून त्यांच्यासाठी दोन ट्वीटरही त्यानं आणून ठेवले होते. ट्वीटर म्हणजे वरचे बारीक, झिरझिरीत स्वर काढणारा बोटभर स्पीकर. ते दोन्ही कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले. सागाचं लाकूड आणि खालचे मोठे स्पीकर मात्र बहिणीच्या लग्नामागे आणि घराच्या गिलाव्यामागे दरवर्षी पुढल्या वर्षावर जात राहिले.

त्या स्वप्नाच्या पोटात आणखी एक गुपित होतं. चौसष्ट साली नागपूर रेडिओ केंद्रावरून बुवांचा देसकार राग थेट प्रक्षेपित झाला, तेव्हा विद्यार्थी असलेल्या मधुसूदननं कॉलेजचा टेपरेकॉर्डर मागून आणून तो उतरवून घेतला होता. पुढे दोनतीन वर्षांतच घशाच्या दुखण्यानं बुवांचा गळा गेला. थेट गायल्यामुळे बुवांनी स्वतः ते गाणं कधी ऐकलेलं नव्हतं, आणि ते कोणाजवळ उरलं आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. उंच स्पीकर तयार झाले की पहिल्यांदा तोच देसकार लावायचा आणि बुवांच्या तोंडाकडे पाहत राहायचं, असं मधुसूदननं ठरवून ठेवलं होतं.

आणि ब्याऐंशी सालच्या दसऱ्याला असले उंच स्पीकर आले ते रुपराव काळमेघांच्या घरी.

रुपराव मूळचे काटोलचे, संत्र्यांचे व्यापारी. शंकरनगरात नवा बंगला बांधून राहायला आले, तेव्हा कोणाच्या तरी ओळखीनं रविवारच्या बैठकीत येऊ लागले. रागदारीतलं त्यांना काही कळत नसे आणि ते तसं मोकळेपणानं सांगत. येताना संत्र्यांची टोपली आणत, सतरंजीवर मांडी घालून बसत आणि बुवांची तर्जनी वर गेली की आपणही मान डोलावीत. मधुसूदनला ते आवडत. सतरंजीवर बसत होते तोवर तरी नक्कीच आवडत होते.

रुपरावांचा मेहुणा कुवेतहून कायमचा परतला. जहाजानं आलेल्या सामानातले दोन स्पीकर त्यानं बहिणीला देऊन टाकले. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर बंदरावर उतरवताना आपटून फुटला होता. मधुसूदन पाहायला गेला, तेव्हा दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांत ते उभे होते. काळेभोर, छातीएवढे. रुपरावांच्या पत्नीनं, इंदूबाईंनी, शस्त्रपूजेला घरातल्या सगळ्या यंत्रांबरोबर त्यांनाही हळदकुंकू लावून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. समोरच्या जाळीदार कापडावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. त्याच्या नकाशातली उंची, त्याच्या नकाशातली रुंदी. कोणी तरी त्याच्या डोक्यातून काढून इथे आणून ठेवावेत, तसे.

आणि मऊ सोफ्यावर, कंबरेशी लोड घेऊन, चंपतबुवा बसलेले.

"या सर, या!" रुपराव म्हणाले. "बुवांले गाडी पाठवून आणलं. म्हटलं, पहिला हात त्यायचा लागला पाहिजे."

बुवा उठले. स्पीकरच्या कापडावरून त्यांनी हळूच हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाले, "अस्सं!"

अजून वाजलाही नव्हता तो! मधुसूदनला ते झोंबलं. कुठली कुठली रेकॉर्ड शोधून आणावी तेव्हा मिळणारा तो शब्द बुवांनी एका मुक्या लाकडाला देऊन टाकला होता.

"खांब तं आले सर, पण मुके हायेत," रुपराव हसून म्हणाले. "यायच्यात जीव तुम्हीच घाला. कोणती मशीन घेऊ, सांगा. मले त्यातलं काही समजत नाही."

मधुसूदननं खाली वाकून मागची पट्टी वाचली. बोटानं मोठ्या स्पीकरचा पडदा हलकेच दाबून पाहिला. पडदा जड होता, जागचा हलायला आळशी. खोली लांबलचक, छत उंच. याला जोर हवा. निदान पन्नास वॅट. उत्तर शोधायचं कारणच नव्हतं. उत्तर घरी शिसवी फळीवर ठेवलेलं होतं.

"पंधरा वॅट," तो म्हणाला.

"पंधराच? एवढाल्या खांबांले?"

"मोठं यंत्र लावलं आणि कोणी चुकून बटण जास्त फिरवलं, तर एवढी महागाची वस्तू जळून जाईल. लहान यंत्राला तो धोका नाही."

हे बोलताना त्याचा स्वर वर्गात असतो तसाच शांत आणि समजावणीचा होता. हा समज गावात सगळ्यांचाच होता; त्यामुळे त्याला खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही. आवाज जरा मिळमिळीत निघेल, एवढंच. बुवांचे कान जाणते. ते आपणहून परत येतील. यात कोणाचं काय नुकसान?

"सरांनी सांगितलं म्हणजे झालं गा, रुपराव," बुवा म्हणाले. "त्यांच्यापेक्षा जास्त या गावात कोणाले समजते?"

जरीपटका वस्तीतल्या रेडिओच्या दुकानात मधुसूदन आणि रुपराव मिळून गेले. दुकानदारानं आधी मोठा अ‍ॅम्प्लिफायर पुढे सरकवला. "हॉल बड़ा है ना साहब? फिर ये ले जाइए, इसमें दम है."

रुपरावांनी मधुसूदनकडे पाहिलं.

"तो मोठंच दाखवणार," मधुसूदन मराठीत म्हणाला. "त्याचा धंदा आहे."

दुकानदारानं खांदे उडवले आणि पंधरा वॅटचा काढून दिला. जोडीला कॅसेट डेक. परतताना रिक्षात ते खोकं मांडीवर घेऊन रुपराव म्हणाले, "तुम्ही होते म्हणून वाचलो, सर. नाही तं त्यानं मले कापलाच होता." मधुसूदन बाहेर पाहत राहिला. कामठी रोडवर ट्रकांची रांग लागली होती.

आवाज मिळमिळीतच निघाला. तेवढा अंदाज बरोबर ठरला. चुकला तो दुसरा.

बुवा परत आले नाहीत. पहिल्या रविवारी ते शंकरनगरला गेले, ते नवलापोटी असेल. दुसऱ्या रविवारी गेले, ते रुपरावांच्या भिडेखातर असेल. तिसऱ्या रविवारी मधुसूदननं मनात कारणं रचायला घेतली. गाडी न्यायला येते. सोफा मऊ आहे. इंदूबाई झुणका-भाकर करतात. अशी कारणं सापडत गेली, पण एकही पुरेसं पडेना. वेताच्या खुर्चीवरचा अभ्रा पांढराशुभ्र राही.

"बदलू का आज?" एका रविवारी सिंधूनं, त्याच्या बायकोनं, अभ्रा हातात घेऊन विचारलं.

"बदल. न बदलायला काय झालं?"

"मळला नाहीये म्हणून विचारलं." ती जरा थांबली. "तुम्ही त्यांच्याशी बोलत तरी होता का हो कधी? रेकॉर्ड लावायची आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायचं. परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखं. तिकडे म्हणे इंदूबाई त्यांना शेतीच्या गोष्टी विचारतात आणि ते तास तास सांगत बसतात. त्यांच्या वडिलांची शेती होती रामटेककडे. तुम्हाला माहीत होतं?"

त्याला माहीत नव्हतं. त्याला याचा राग आला. आणि राग बुवांवर काढता येईना, सिंधूवर काढवेना, म्हणून तो रुपरावांवर गेला. त्यांच्या संत्र्यांवर, त्यांच्या हसण्यावर, त्यांच्या 'मले समजत नाही' म्हणण्यावर. ज्याला समजत नाही त्याच्या घरी बुवांनी बसावं! रस्त्यानं चालताना, फळ्यावर लिहिताना, ताटावर बसलेला असताना तो सोफा त्याला दिसू लागला.

अशातच रुपरावांनी बुवांची पंचाहत्तरी आपल्या घरी करायचं ठरवलं. सकाळचा कार्यक्रम, शाल-श्रीफळ, जेवण, बुवांच्या जुन्या विद्यार्थिनींना निमंत्रणं. सल्ला विचारायला ते मधुसूदनकडेच आले. शालीचा रंग कोणता घ्यावा, इथपर्यंत विचारून गेले. आणि ते गेल्यावर मधुसूदनला वाटलं, पुरे झालं. शाल कोणीही देईल; जेवण कोणीही घालील. बुवांना जे दुसरं कोणी देऊ शकत नाही ते माझ्याकडे आहे. सगळ्यांच्या देखत द्यावं, आणि त्या खांबांच्या मालकाला दिसू द्यावं की खांब म्हणजे गाणं नव्हे.

त्यानं जुन्या टेपच्या स्पूलवरचा देसकार कॅसेटवर उतरवून घेतला. त्या खोलीत आपणच पंधरा वॅट नेऊन ठेवले आहेत, हे तो विसरला होता असं म्हणता येणार नाही. बटणाशी मी बसेन, आवाज बेतानं ठेवीन, असा हिशेब त्यानं केला. मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात. मधुसूदनला सगळं दिसत होतं. फक्त आपल्याला हवं तेवढंच तो पाहत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी दिवाणखाना दारापर्यंत भरला. पायऱ्यांवरही माणसं होती. शाल झाली, औक्षण झालं. मग मधुसूदन उभा राहिला आणि जवळ काय आहे ते त्यानं सांगितलं. बुवांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं, आणि ते हात मांडीवर कुठे ठेवावेत हे त्यांना समजेना.

"माझं गाणं?" ते म्हणाले. "तुमच्यापाशी? इतके दिवस?"

हाच तो क्षण होता, ज्याची त्यानं इतकी वर्षं वाट पाहिली होती. बुवांनी त्याचा हात धरून त्याला आपल्याजवळ सोफ्यावर बसवून घेतलं. त्यानं नको म्हटलं नाही. आणि कॅसेट लावायला, यजमान म्हणून, रुपराव उठले.

तंबोरे सुरू झाले. मग षड्ज. आवाज कोवळ्या उन्हासारखा होता. फक्त लहान, दूरचा.

"मागं काहीच ऐकू नाही येऊन राहिलं बाप्पा!" पायऱ्यांवरून कोणी तरी ओरडलं. "वाढवा गा, रुपराव!"

रुपरावांनी बटण फिरवलं.

"आणखी!"

"रुपराव, नको!" मधुसूदन म्हणाला. पण मध्ये सगळी माणसं मांडी घालून बसलेली, आणि बुवांनी त्याचा हात घट्ट धरलेला. त्याच वेळी बुवांची पहिली तान आली आणि रुपरावांनी खुशीत बटण टोकाला नेलं.

लहान यंत्राला ताकदीबाहेर ओरडायला लावलं की ते स्वरांच्या लाटांचे माथे छाटून टाकतं. गोलाई जाऊन कडा उरतात, आणि त्या कडांची सगळी आग ट्वीटरवर येऊन पडते. मोठ्या यंत्रानं जळतील म्हणून ज्यांना जपायचं, ते स्पीकर बहुतेकदा लहान यंत्रानंच जळतात. मधुसूदन हे वर्गात आकृती काढून शिकवीत असे. आता तो ते ऐकत होता. तान फाटली. तंबोऱ्यांचा झंकार पत्र्यासारखा खरखरला. एका कोपऱ्यात काही तरी 'टच्च' झालं, थोड्या वेळानं दुसऱ्या कोपऱ्यात. आणि मग सगळं झिरझिरीतपण निघून गेलं. उरला एक जाड, घोगरा, गोधडीतून यावा तसा आवाज.

लोकांना ते नीटसं कळलं नाही. जुनी टेप आहे, असंच असायचं, असं समजून ते आदरानं ऐकत राहिले. बुवा शेवटपर्यंत डोळे मिटून बसले. तर्जनी एकदाही वर गेली नाही. गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या, त्या ओसरल्यावर बुवा मधुसूदनच्या कानाशी येऊन, कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "असा होता होय माझा आवाज? लोक उगीच चांगलं म्हणत गा."

त्यानंतर बुवा कोणाकडेच जाईनात. शंकरनगरची गाडी रिकामी परत आली.

मधुसूदन बर्डीवर त्यांच्या खोलीवर गेला. बुवा दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होते. त्याला बसायला त्यांनी स्टूल पुढे केलं.

"बुवा, त्या दिवशीचा आवाज तुमचा नव्हता. यंत्रात दोष होता."

"सर, तुम्ही भले माणूस आहा म्हणून म्हणून राहिले." बुवांनी सदऱ्याची बाही सरळ केली. "यंत्र तुम्हीच घेऊन दिलं होतं ना? तुम्ही काय खराब घेऊन द्याल?"

मधुसूदननं दोरीवरचा पंचा काढून त्यांच्या हातात दिला.

"माझा गळा गेला ना सर, तेव्हा मी फार रडलो होतो. कोणाले दाखवलं नाही. पण इतकी वर्षं मनात एक राहत होतं, की काही तरी होतं आणि ते गेलं." त्यांनी घडी ट्रंकेत ठेवली आणि झाकण लावलं. "आता समजलं. काही गेलंच नव्हतं. नव्हतंच काही. बरं झालं म्हणा, समजलं ते."

परत येताना मधुसूदनला पंचशील चौकातला उतार चढणीसारखा वाटला. बुवांना त्यांचा आवाज परत मिळवून द्यायचा, तर एकच वाट होती, आणि ती 'मी खराब घेऊन दिलं' या वाक्यातून जात होती. नाही तर बुवा उरलेले दिवस, आपण कधी गवई नव्हतोच, असं मानून काढणार होते. घरी येऊन त्यानं आधी बिस्किटांचा डबा उतरवला. ट्वीटरवरचा कापूस पिवळा पडला होता. मग त्यानं अ‍ॅम्प्लिफायरच्या तारा सोडवल्या.

"कुठे नेता?" सिंधूनं विचारलं.

"रुपरावांकडे."

तिनं फळीचा टेकू पडू नये म्हणून हातानं धरून ठेवला.

सायकलरिक्षातून अ‍ॅम्प्लिफायर उतरवायला रुपराव स्वतः फाटकापाशी आले. उचलता उचलता त्यांना समोरच्या पट्टीवरचा आकडा दिसला, आणि त्यांनी आपली बाजू परत खाली ठेवली.

"पन्नास?"

"हो."

"तुमच्या त्या दोन डब्यांले पन्नास, आणि माझ्या खांबांले पंधरा. काहून, सर?"

मधुसूदनजवळ वर्गातला शांत स्वर तयार होता. तो त्यानं वापरला नाही. "तुमच्याकडे चांगलं वाजू नये असं वाटत होतं मला. बुवा माझ्याकडे येत, ते तुमच्याकडे येऊ लागले. जळतील असं नव्हतं वाटलं. पण चांगलं वाजू नये, हे वाटत होतं."

हसऱ्या माणसाचा चेहरा हसू गेलं की अनोळखी दिसतो.

"मी तुमच्या घरी सतरंजीवर बसत होतो," रुपराव म्हणाले. "मले कधी वाटलं नाही, का मी खाली आहो." मग धोतराचा सोगा खोचून ते वाकले. "त्या बाजूनं धरा. वजनदार आहे."

संध्याकाळपर्यंत काम चाललं. नवे ट्वीटर जुन्या भोकांत बसेनात, तेव्हा प्लायवूडची गोल कडी कापून मधुसूदननं ते बसवले. रुपराव पेचकस देत होते, पण एक शब्द बोलत नव्हते.

बुवांना आणायचं कसं, हा प्रश्न सोडवला तो इंदूबाईंनी. गाणं ऐकायला बोलावलं तर ते येणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः बर्डीवर गेल्या आणि म्हणाल्या, "बुवा, आमच्या घरी भांडण होऊन राहिलं. हे आणि सर. दोघंही तुमचं ऐकतात. तुम्हीच या बाप्पा, मिटवा."

बुवा काठी टेकत आले, ते पंचाच्या गांभीर्यानं. दोघं दोन कोपऱ्यांत, दोन खांबांजवळ उभे होते.

"काय झालं गा, रुपराव?"

"विचारा सरांले. माझे स्पीकर यायनं जाळले. जाणून."

"जाणून?" बुवा वळले. "काहून, सर?"

मधुसूदननं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, गेलं नाही. पंधरा वॅट कसे सांगितले, का सांगितले, सोफा, गाडी, वेताची खुर्ची. बुवा ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक विलक्षण गोंधळ पसरला.

"म्हणजे, माझ्यावरून?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "मी कोणाकडे बसतो, यावरून? अरे बाप्पा!" आणि ते हसू लागले; हसता हसता खोकले. इंदूबाईंनी पाणी दिलं. "माझी बायको गेली त्याले तीस वर्षं झाली. तिनंही कधी माझ्यावरून कोणाचा हेवा केला नाही. पंचाहत्तरीले हे पाहायचं राहिलं होतं!"

कोणी हसलं नाही, तसे तेही थांबले.

"म्हणून म्हणतो बुवा, एकदा ऐका," मधुसूदन म्हणाला. "तो आवाज तुमचा नव्हता. तो मी केलेला होता."

सोफ्याकडे न जाता बुवा तिथेच, सतरंजीवर बसले.

बटण पाव भागाच्या थोडं पुढे गेलं, तेवढ्यानंच खोली भरली. तंबोरे चारी बाजूंनी उमलले. आणि षड्ज आला. तो कुठून आला हे सांगता येत नव्हतं. खांबांतून नाही, भिंतींतून नाही, जणू कोणी तरी येऊन मध्ये बसलं होतं. पायऱ्यांपर्यंत, फाटकापर्यंत तो जात असणार, पण कोणी ओरडत नव्हतं. धैवतावरून तान सुटली आणि अखंड, गोल, ओल्या कडेची, खाली उतरून आली. रुपरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बुवांचा चेहरा मात्र निर्विकार होता. मधुसूदन पाहत होता. सिंधू म्हणाली होती तसंच, निकालाची वाट पाहत. मग, गाणं अर्ध्यावर आलं असताना, बुवांची तर्जनी एकदम वर गेली.

"थांबा. मागं न्या जरा. तेच परत."

मधुसूदननं कॅसेट मागे नेली.

"हे! ऐकलं?" बुवांचे डोळे चमकत होते. "गांधारावर बसलो मी. जास्त बसलो. देसकारात तिथं थांबले का दुसरा राग, भूप, डोकावते. गुरुजी घरी रेडिओवर ऐकून राहिले होते. दुसऱ्या दिवशी गेलो तं काहीच बोलले नाहीत. पेढा दिला. मी समजलो, त्यायले चूक कळली होती. ही चूक मले अजून स्वप्नात दिसते." ते गुडघ्यावर हात टेकून पुढे झुकले. "हा मी आहो. पंचाहत्तरीले चूकही ऐकू नव्हती आली. नुसतं गडगड, गडगड. हा मीच आहो. गळा होता गा, रुपराव! गळा होता. तालीम कमी पडली."

इंदूबाई डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. मागून भाकरी थापण्याचा आवाज येऊ लागला.

गाणं दोनदा ऐकून झाल्यावर बुवा उठले. जाताना खांबाजवळ थांबले, कापडावरून हात फिरवला, आणि म्हणाले, "रुपराव, तुमच्या खांबांत जीव आहे बाप्पा."

मधुसूदन दाराशी चपला शोधत होता. आतले ट्वीटर माझे, खालचं यंत्र माझं, टेप माझी, असं सगळं एका क्षणात त्याच्या ओठांपर्यंत आलं. तोच जुना हेवा. तो गेला नव्हता, कुठेच गेला नव्हता. त्यानं चपला घातल्या.

"सर," मागून रुपराव म्हणाले. कामाला लागल्यापासून पहिल्यांदाच ते थेट त्याच्याशी बोलत होते. "मशीन कधी नेता?"

"राहू द्या. तिची जागा इथेच आहे. पंधराचं मी नेतो. माझ्या पेट्यांना ते भरपूर आहे."

रुपरावांनी मान हलवली. क्षमा केली, असं त्यात काही नव्हतं. नाही केली, असंही नव्हतं. "मग रविवारी तुम्हाले यावं लागेल," ते म्हणाले. "मले बटणातलं समजत नाही."

पुढल्या रविवारी सिंधूनं वेताच्या खुर्चीवरचा अभ्रा काढून घडी करून ठेवला, आणि दोघंही शंकरनगरला गेली. बुवा आधीच आले होते आणि इंदूबाईंना रामटेककडच्या धानाबद्दल काही सांगत होते. सोफ्यावर त्यांच्या शेजारी जागा होती. रुपरावांनी हातानं ती दाखवली.

मधुसूदन सतरंजीवर बसला. "मग धान झोडपायचं कसं, बुवा?" त्यानं विचारलं. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. बुवा त्याच्याकडे वळले आणि सांगू लागले. आणि कॅसेट लावायची राहून गेली.